बाई, ही चाल मला येते

मिरजेत घराच्या पुढच्या खोलीत मी १९८४ साली गाण्याचा आणि पेटीचा वर्ग सुरू केला. चाळीस वर्षं तो चालवला. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासूनच्या परीक्षांना माझी मुलं बसली, आणि बहुतेक सगळी चांगल्या गुणांनी पास झाली. वर्गाचा एक नियम होता. तो मी कुणासाठीही मोडला नाही. पहिलं वर्ष फक्त अलंकार. मग सरगमगीत, लक्षणगीत, मग छोटा ख्याल. सिनेमाचं गाणं, मालिकेचं शीर्षकगीत, जाहिरातीची चाल, यातलं काहीही उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. पालकांना मी हे पहिल्याच दिवशी सांगायची, आणि त्यांनाही ते पटायचं. बाई कडक म्हणजे बाई चांगल्या, असा आमच्याकडे समज आहे.

तो नियम चुकीचा होता. अलंकार चुकीचे नव्हते, रियाज चुकीचा नव्हता. दारात उभं राहून मुलाच्या कानातलं सगळं बाहेर काढून ठेवायला लावणं चुकीचं होतं. हे मला सत्तरी जवळ आल्यावर कळलं, आणि तेही परदेशात, एका प्लास्टिकच्या बासरीमुळे. म्हणून हे लिहिते आहे.

आधी त्या मुलाबद्दल सांगितलं पाहिजे. १९८८ साल असेल. तो अकरा वर्षांचा होता. वडिलांनी जुनी पेटी घेऊन दिली होती आणि तो वर्गाला येऊन तीन-चार महिने झाले होते. त्या काळात घरोघरी एकच वाहिनी, आणि त्यामुळे घरोघरी त्याच चाली. शंकर नागांनी केलेली ‘मालगुडी डेज’ नुकतीच होऊन गेली होती. एल. वैद्यनाथन यांनी तिला दिलेली ती गुणगुणायची चाल रस्त्यावरचं पोरगंसुद्धा ओठांवर घेऊन फिरायचं. एकदा मी चहा ठेवायला आत गेले आणि बाहेरून तीच चाल पेटीवर ऐकू आली. एका बोटानं वाजत होती. एका जागी चुकत होती. तो थांबला, पुन्हा मागून आला, पुन्हा तिथंच चुकला. तीनदा, चारदा. पाचव्या वेळेला तो स्वर त्याला सापडला. मी दारात आले तेव्हा त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, “बाई, ही चाल मला येते.”

मी पुढे जाऊन भाता बंद केला. सात-आठ मुलं बसली होती, त्यांच्यासमोर म्हणाले, “हे टीव्हीचं इथं नको. बोटं आधी नीट ठेवायला शिक.” पुढच्या आठवड्यापासून तो आला नाही. मुलं येतात, मुलं जातात. मी फारसा विचार केला नाही. त्याची बोटं चुकीची होती हे मला दिसलं होतं, आणि ते खरंही होतं. पण त्या खोलीत त्या वर्षी स्वतःची चूक स्वतः ऐकून, कुणी न सांगता दुरुस्त करणारा तो एकटाच मुलगा होता. ते मला ऐकूच आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मी सहा महिन्यांसाठी मुलीकडे इंग्लंडला गेले. ती मिल्टन कीन्सला राहते. चार वाजता अंधार पडतो, बाहेर जायची सोय नाही, आणि नात शाळेतून आली की घर तिचं. ती नऊ वर्षांची आहे. तिच्या वर्गात सगळ्यांना रेकॉर्डर दिला होता. आपल्याकडे रेकॉर्डर म्हटलं की टेप डोळ्यांसमोर येतो. हा रेकॉर्डर म्हणजे तोंडाकडून उभी धरून वाजवायची बासरी. पुढे सात छिद्रं, मागे अंगठ्याला एक. खालची दोन छिद्रं जोडीनं असतात, म्हणजे एका बोटाखाली दोन छोटी भोकं. आपल्या आडव्या बासरीत फुंकेची धार ओठांनी घडवावी लागते, त्यात महिने जातात. रेकॉर्डरमध्ये ती वाट आतच कोरलेली असते. फुंकलं की वाजतो. म्हणून तिकडे मुलांना पहिलं वाद्य म्हणून तो देतात, आणि म्हणूनच मी त्याला खेळणं समजले.

तो पांढरट रंगाचा, हलका, दप्तरात वह्यांमध्ये खुपसलेला. नातीला डावा हात येत होता: बी, ए, जी हे तीन स्वर, आणि त्या तीन स्वरांत बसणारं ‘हॉट क्रॉस बन्स’ हे तिकडचं बालगीत. ती ते महिनाभर वाजवत होती, तिच्या तोंडावर काहीही उमटत नव्हतं. मग एका शनिवारी ती म्हणाली, “आजी, मला ‘डॉक्टर हू’ची ट्यून वाजवायचीय.” मैत्रिणीनं तिला एका कागदावर अक्षरं लिहून दिली होती. अक्षरांवरून ती एकेक स्वर फुंकत होती, पण कोणता स्वर किती वेळ धरायचा हे अक्षरांत नसतं. सगळे स्वर सारख्या लांबीचे निघत होते आणि चालीचा पत्ता नव्हता.

माझ्या ओठांवर तेच जुनं वाक्य आलं होतं. आधी स्केल नीट वाजव. मी ते बोलले नाही, याचं कारण एवढंच की मी तिची बाई नव्हते, आजी होते. मी म्हटलं, “कागद ठेव बाजूला. मला म्हणून दाखव.” तिनं म्हटली. पूर्ण, एकही स्वर न घसरता, मध्येच लांबणारा सूर बरोबर तितकाच लांबवून. मी पहिल्यांदाच ती चाल ऐकत होते. मग मी म्हटलं, “आता पहिला सूर बासरीवर शोध.” तिनं शोधला. दुसरा शोधताना मी अंदाजानं एक बोट सुचवलं. ती लगेच म्हणाली, “नाही आजी, तो अजून वर आहे.” तिचंच बरोबर होतं.

त्या क्षणी मला माझा वर्ग दिसला. माझी मुलं अलंकार वाजवायची आणि प्रत्येक ओळीनंतर माझ्या तोंडाकडे बघायची. बरोबर की चूक हे त्यांना माझ्या भुवयांवरून कळायचं. कसं कळणार दुसरं? ‘सारेग, रेगम’ हे त्यांनी माझ्याकडेच पहिल्यांदा ऐकलेलं. ते कसं वाजायला हवं याचं चित्र त्यांच्या कानात नव्हतं, माझ्या कानात होतं. चाळीस वर्षं मी मुलांच्या वतीनं ऐकत राहिले, आणि त्यालाच शिकवणं म्हणत राहिले. नातीच्या बाबतीत मला ऐकावं लागलंच नाही. चाल तिची होती. चुकली की तिला आधी कळायचं, मला नंतर.

‘डॉक्टर हू’च्या चालीत एक गंमतीची, म्हणजे मला अतिशय आनंद देणारी गोष्ट आहे. तिच्यात सूर घसरत वर जातो, घसरत खाली येतो. ही मालिका बीबीसीवर नोव्हेंबर १९६३ मध्ये सुरू झाली. चाल रॉन ग्रेनर यांची, पण ती प्रत्यक्षात आणली डेलिया डर्बिशायर या बाईंनी, बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये. सिंथेसायझर हाताशी नव्हता. एकेक स्वर वेगळा तयार करून टेपवर घ्यायचा, टेप कापायची, तुकडे जोडायचे, असं करून ती बांधली. ते घसरणारे सूर त्यांनी यंत्राची चकती हातानं फिरवून काढलेले आहेत. हे वाचल्यावर मी नातीला म्हटलं, “याला आपण मींड म्हणतो.” रेकॉर्डरवर बोट टपकन उचललं तर स्वर उडी मारतो, छिद्रावरून बोट हळूहळू सरकवत नेलं तर स्वर वाहत जातो. फुंक तेवढी सांभाळावी लागते, नाहीतर मध्येच किंचाळतो. तिनं दोन संध्याकाळी तेवढंच केलं. माझ्या विद्यार्थ्यांना मींड मी चौथ्या वर्षी सांगायची. हिला ती पाचव्या आठवड्यात हवी होती, कारण तिच्याशिवाय चाल पुरी होत नव्हती.

मग ‘द सिम्पसन्स’. डॅनी एल्फमन यांनी १९८९ साली केलेली ही चाल मला सुरुवातीला नुसती धांदल वाटली. नात ती म्हणून दाखवत होती तेव्हा मी सवयीनं मनात स्वर लावत गेले, आणि चमकले. शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत, आणि कोमल निषाद. हे स्वर म्हणजे वाचस्पती! कर्नाटक पद्धतीतला चौसष्टावा मेळ, आपल्याकडेही काही गवयांनी गायलेला. राग नव्हे, रागाचं चलन तिथे काही नाही. पण स्वरांची जात तीच. अमेरिकन कार्टूनच्या त्या मिनिटभराच्या संगीतात तीव्र मध्यमावर सगळा डोलारा उभा आहे.

यमन शिकवताना या तीव्र मध्यमापायी मी किती संध्याकाळी घालवल्या आहेत! मुलं शुद्धावर घसरतात. पेटीवर काळी पट्टी दिसते म्हणून बोट बरोबर पडतं, पण गाताना सूर खाली येतोच. नात एकदाही घसरली नाही. सा तिनं मधल्या सी वर धरला होता, त्यामुळे तीव्र मध्यम वरच्या सप्तकात आला. तिथे अंगठ्याचं छिद्र चिमटीनं अर्धवट उघडावं लागतं आणि बोटं वेडीवाकडी पडतात. सूर मिळाला नाही तर ती चिडायची, पण “हा नव्हे” हे तिला पक्कं ठाऊक असायचं. तीन-चार दिवसांनी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “या सुरावरून त्या सुरावर पटकन जाताच येत नाही. काय करू?” मी तिला त्या दोन स्वरांचा एक छोटा पलटा करून दिला. मग तीन स्वरांचा. तिनं ते पन्नास वेळा वाजवले, कुणी न सांगता. अलंकाराची थोरवी मला त्या दिवशी जितकी पटली तितकी आधी कधीच पटली नव्हती. तो तिच्यापुढे शिस्त म्हणून आला नाही, तिच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आला.

मधल्या काळात मी गावच्या वाचनालयातून रेकॉर्डरवरची पुस्तकं आणली, आणि खेळणं म्हटल्याची मला लाज वाटली. आठवा हेन्री राजा १५४७ साली वारला तेव्हा त्याच्या वाद्यांच्या यादीत ७६ रेकॉर्डर होते. ‘हॅम्लेट’मध्ये तो भर प्रवेशात रंगमंचावर येतो. बाखच्या दुसऱ्या आणि चौथ्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टोत तो आहे. पुढे मोठ्या वाद्यवृंदांत त्याचा आवाज पुरेना आणि तो जवळजवळ विस्मरणात गेला. विसाव्या शतकात त्याला परत आणलं ते आर्नल्ड डोल्मेच यांनी. त्यांच्याकडे एक जुना, मौल्यवान रेकॉर्डर होता. १९१९ मध्ये त्यांचा लहान मुलगा कार्ल याच्या हातून ती पिशवी लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर राहिली. मापं टिपून ठेवलेली होती, त्यावरून डोल्मेच यांनी स्वतः नवा रेकॉर्डर घडवला. पुढे एडगर हंट यांच्यासारख्यांनी तो शाळाशाळांत नेला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकमुळे तो कुठल्याही घराला परवडू लागला. पिशवी विसरणारा कार्ल मोठा होऊन त्या वाद्याचा नावाजलेला वादक झाला.

पण मला थांबवलं ते त्याच्या नावानं. ‘रेकॉर्ड’ या क्रियापदाला जुन्या इंग्रजीत एक अर्थ होता: चाल आठवून आठवून म्हणणं, घोकणं, पाखरू पुन्हा पुन्हा तेच बोलतं तसं. मूळ लॅटिन शब्द स्मरणाचा. म्हणजे या बासरीचं नावच मुळी कानात असलेलं परत परत काढून बघण्यावरून पडलं आहे. मिरजेतल्या त्या मुलानं पेटीवर दुसरं काय केलं होतं?

टीव्हीच्या चालींचा तिरस्कार मी कशाच्या जोरावर करत होते, हाही हिशेब तिथंच झाला. दूरदर्शनची ती ओळखधून पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांनी बांधली. तिच्यातली शहनाई ऐकली की माझ्या पिढीला अजून पडद्यावर फिरत जाणारी ती आकृती दिसते. आकाशवाणीची सकाळची धून नाझींमुळे युरोप सोडून मुंबईत राहिलेल्या वॉल्टर काउफमन यांची. तिच्यात शिवरंजनीचे स्वर आहेत. अशोक पत्कींनी ‘गोट्या’पासून ‘आभाळमाया’पर्यंत मालिकांची किती शीर्षकगीतं केली! एका मिनिटात, अर्ध्या मिनिटात, स्वयंपाकघरातल्या बाईला बाहेर बोलावून घेईल अशी चाल बांधणं ही कारागिरी आहे. बंदिशीच्या मुखड्याकडून आपण याहून वेगळं काय मागतो? मुखडा एकदा ऐकला की राहिला पाहिजे, एवढंच ना? मी मुखड्याचं कौतुक करत होते आणि शीर्षकगीताला दाराबाहेर उभं करत होते.

जन्मापासून मी आकाशवाणीची ती धून ऐकत आले. चाळीस वर्षं पेटीसमोर बसले, पण ती एकदाही वाजवून बघितली नव्हती. नात शाळेत गेली की मी तिचा रेकॉर्डर धुऊन, पुसून घ्यायची आणि तीच धून काढत बसायची. सा खालच्या सी वर धरला तर कोमल गंधारासाठी सहाव्या बोटाखालच्या जोडभोकांपैकी एकच झाकायचं असतं. माझी बोटं सांध्यांत आखडलेली, ती दोन्ही झाकायची. खालचा सा तर अगदी हलक्या, गरम फुंकेनं येतो. जरा जोर लागला की वरचं सप्तक बोलू लागतं. अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मला कुणी भाता बंद करून सांगितलं असतं की आधी बोटं नीट ठेवायला शिका, तर मी ती बासरी परत हातात धरली नसती.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण माझ्या बरोबरीच्या शिक्षकांना यात सवलत दिसेल आणि ते रागावतील. मोबाइलवर रंगीत ठिपके बघत बोटं टाकणं म्हणजे मी म्हणते ते नव्हे. तिथे मुलाचे डोळे काम करतात, कान नाही. ठिपके बंद झाले की चालही बंद. अक्षरांचा कागदही तसाच. आधी गाऊन दाखवायचं, मग शोधायचं, आणि शोधताना शिक्षकानं तोंड मिटून बसायचं, हे जमलं तरच त्या चालीचा उपयोग. हे मिटून बसणं मला अलंकार शिकवण्यापेक्षा पुष्कळ जड गेलं. शिवाय मालिकेच्या चालीवर कुणी गवई होत नाही. पुढे षड्ज लावावा लागतो, राग समजून घ्यावा लागतो, त्याला वर्षं द्यावी लागतात. माझं मत त्यात तसूभरही बदललेलं नाही. बदललं आहे ते दारातलं मत.

जूनमध्ये परत आले आणि वर्ग पुन्हा उघडला. आता पाचच मुलं घेते. पहिल्या दिवशी वही आणायची नाही. मी एवढंच विचारते, “तुला कुठली चाल येते?” एकानं जुन्या ‘जंगल बुक’चं शीर्षकगीत म्हटलं, आजोबांबरोबर बघतो म्हणाला. एकीनं सध्याच्या एका मालिकेचं. एक मुलगी काहीच बोलली नाही, मग तिसऱ्या दिवशी तिनं आरती म्हटली. त्या चाली ती आता पेटीवर शोधताहेत. खोलीत पूर्वीपेक्षा गोंधळ जास्त असतो. माझ्या तोंडाकडे कुणी बघत नाही.

त्या मुलाचा नंबर मला त्याच्या चुलतभावाकडून मिळाला, तो आमच्याच गल्लीत राहतो. मुलगा कसला, पन्नाशीजवळ आलेला गृहस्थ. सांगलीत दुकान आहे. मी नाव सांगितलं तशी त्यानं लगेच “बाई!” म्हणून ओळखलं. मी त्याला म्हटलं की त्या दिवशी माझं चुकलं, तुझा कान चांगला होता, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाई, तुम्ही कशाला मनाला लावून घेता,” आणि घरी जेवायला बोलावलं. मी विचारलं, पेटी आहे का अजून? त्यानं ती त्याच दिवाळीत विकली होती. त्यानंतर त्यानं कुठलंही वाद्य हातात घेतलेलं नाही.